टर्मिनलमधली जुनी कमांड शोधायची सोपी रीत कोणती? लाइट गेली की सगळंच पुसलं जातं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबाग भागातल्या एका वाचनालयात आम्ही जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करतोय. पानं सरळ करणं, मग टेसरॅक्टनं (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) मजकूर काढणं, सगळं लिनक्सच्या टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून चालतं. शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, बॅश आहे. कमांड लांबलचक असतात. भाषा 'मार' (मराठी), मध्ये संस्कृत श्लोक असतील तर 'मार+सॅन', एका स्तंभाचं पान असेल तर 'पीएसएम ४' (पानाची मांडणी सांगणारा पर्याय), सलग मजकुराला ६. एका पुस्तकाला नीट जमलेली कमांड त्याच छपाईच्या दुसऱ्या पुस्तकालाही बहुधा चालते, म्हणून ती परत मिळणं आमच्यासाठी फार मोलाचं आहे.

मशीन एक आणि माणसं तीन. दुपारी बसणारे काका रोज विचारतात, "ताई, कालची ती श्लोकांची कमांड कुठली हो?" मग वरचा बाण दाबत शोधायचं, आणि वाटेत दुसऱ्याच शंभर कमांड.

अडचणी अशा:

कंट्रोल-आर (जुन्या कमांडमध्ये मागे मागे शोधायची कळ) दाबून शोधते तेव्हा कधी हवी ती कमांड मागे पडते. पुढे यायला कंट्रोल-एस दाबावं असं वाचलं होतं, पण ते दाबलं की स्क्रीन गोठते.

दोन खिडक्या उघड्या असल्या तर एकीतली कमांड दुसरीत दिसत नाही. आणि परवा लाइट गेली, यूपीएसनं दगा दिला, तर सकाळपासूनच्या सगळ्या कमांड गेल्या. त्यात एका फार पुसट पुस्तकासाठी तासभर खपून बसवलेली कमांडही गेली. हे पुन्हा होऊ नये, एवढं तरी जमेल का?

प्रतिसाद

ताई, लाइटचं आधी सांगतो. बॅश कमांड मेमरीत ठेवतो आणि शेल बंद होताना घरच्या फोल्डरमधल्या बॅश-हिस्टरी फाइलीत लिहितो. वीजच गेली तर लिहायला सवड मिळत नाही. उपाय: बॅशआरसी फाइलीत (खिडकी उघडताना बॅश वाचतो ती) प्रॉम्प्ट_कमांड ला (दर वेळी प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड टाइप करायची खूण, येण्याआधी जे चालतं ते) 'हिस्टरी -ए' द्या. मग प्रत्येक कमांड संपून प्रॉम्प्ट आला की ती लगेच फाइलीत जाते. दुसऱ्या खिडकीत 'हिस्टरी -एन' म्हटलं की पहिलीतली नवी भर तिथेही येते.

सोबत 'शॉप्ट -एस हिस्टअपेंड' (जुनी हिस्टरी फाइल न पुसता शेवटी भर घाल, असं सांगणारी ओळ) आहे ना, तेही बघा. उबुंटूत ते आधीपासून असतं. आणि हिस्टसाइझ, म्हणजे किती कमांड लक्षात ठेवायच्या तो आकडा, नक्की वाढवा. बॅशचा स्वतःचा आकडा 500 आहे, उबुंटूच्या बॅशआरसीत 1000. तीन माणसांना हे काहीच नाही. हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ (फाइलीत किती ठेवायच्या तो) दोन्ही 50000 करून टाका.

प्रतिसाद

स्क्रीन गोठते ती बिघाडामुळे नाही. कंट्रोल-एस ही टर्मिनलवरचा मजकूर थांबवायची फार जुनी खूण आहे. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. कायमचं हवं तर बॅशआरसीत 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' लिहा, मग कंट्रोल-एस शोधात पुढे नेईल.

कमांड सापडली की लगेच एंटर मारू नका. उजवा बाण दाबा, ती ओळीवर येईल, फाइलचं नाव बदला, मग चालवा. नको असेल तर कंट्रोल-जी.

काकांसाठी एक खास गोष्ट सुचवते. जमलेल्या कमांडच्या शेवटी जागा सोडून हॅशचं चिन्ह द्या आणि पुढे खुणेचा शब्द लिहा, समजा 'श्लोक'. हॅशपुढचं बॅश वाचत नाही, पण हिस्टरीत ते राहतं. मग कंट्रोल-आर आणि 'श्लोक', झालं. पर्याय आठवायचे नाहीत, पीएसएम किती तेही नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! प्रॉम्प्ट_कमांड घातलं, मशीनचं बटण मुद्दाम बंद करून पाहिलं, कमांड जागच्या जागी. खुणेची युक्ती काकांना इतकी आवडली की आता प्रत्येक पुस्तकाला ते स्वतः शब्द ठरवतात, 'पुसट', 'जोडाक्षर', 'दोन-स्तंभ'.

एक शेवटचं: संध्याकाळी येणारी मुलगी घरी मॅकवर काम करते. तिच्याकडे हॅश दिला की एरर येते.

प्रतिसाद

मॅकवर 2019 पासून बॅशऐवजी झेड-शेल हा दुसरा शेल आहे, तिथे ही सोय आपोआप नसते. तिच्या झेडएसएचआरसी फाइलीत (झेड-शेलची बॅशआरसीसारखी फाइल) 'सेटऑप्ट इंटरॅक्टिव्ह_कमेंट्स' लिहायला सांगा. त्याखालीच 'सेटऑप्ट शेअर_हिस्टरी' घातलं तर उघड्या खिडक्यांत हिस्टरी आपसूक वाटली जाईल, -ए आणि -एन करत बसायला नको.