‘पहिला घटक चिकन’ हवाच म्हणणाऱ्यांनो, पिशवी उलटी करून नीट वाचा

तिरसट
आमच्या श्वानप्रेमी ग्रुपवर कुत्र्यांच्या तयार खाद्याबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय. ‘पहिला घटक चिकन नसेल तर पिशवी कचऱ्यात टाका. चिकन मील लिहिलं असेल तर आतही कचराच.’ खाली अंगठ्यांची रांग. तिथे काही बोललं की अ‍ॅडमिनला राग येतो, म्हणून इथे लिहितोय.

पिशवीवरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते हे बरोबर. पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. १०० किलो मिश्रणात ३० किलो चिकन घाला, ते पहिलं छापता येतं. दाणे सुकून बाहेर पडेपर्यंत त्यातलं जेमतेम दहा किलो उरलं. खाली बघा : तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा. तिन्ही वेगवेगळे लिहिले म्हणून चिकन वर. एकत्र लिहा, मग बघू पहिलं कोण येतं ते. मील म्हणजे सुकवून दळलेलं, त्यातलं पाणी आधीच काढलेलं असतं, त्यामुळे वजनाला वजन धरलं तर त्यात प्रथिनं कितीतरी जास्त. फॉरवर्ड नेमकं उलटं शिकवतोय.

शेरूचे बाबा
गणित झकास. पण मीलमध्ये काय दळलंय ते कोण सांगणार? नावापुढे ‘बाय-प्रॉडक्ट’ लागलं की डोकी, पाय, आतडी सगळं आलं. आमच्या लॅब्रॅडॉरचे कान लालभडक असायचे, रात्रभर खाजवणं. धान्याची पिशवी बंद केली, ग्रेन-फ्री आणली, खाज गेली. पुरावा मागाल तर शेरू समोर बसलाय.

तिरसट
शेरूला नमस्कार. कुत्र्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी असते तेव्हा गुन्हेगार बहुतेक वेळा बीफ, दूध किंवा चिकन निघतं. गहूही असतो, पण रांगेत मागे. पिशवीबरोबर तुम्ही मांसही बदललं असणार, बघा जरा. आणि आतड्यांचं म्हणाल, तर शेरू सकाळी फिरताना काय काय तोंडात घालतो ते आठवा.

ग्रेन-फ्रीवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१८ मध्ये हृदयविकाराच्या शंकेवरून चौकशी सुरू केली होती. त्यात वाटाणा, मसूर भरपूर असलेल्या खाद्यांचा संबंध तपासला. आलेल्या तक्रारींवरून कारण सिद्ध होत नाही, असं २०२२ च्या शेवटी त्यांनीच सांगितलं. तेव्हा घाबरवत नाही, पण ग्रेन-फ्री म्हणजे अमृत हेही बंद करा.

निवांत काकू
केवढं ते डोकं खाणं! आमच्या वाड्यातली मनी दूध-पोळीवर म्हातारी होऊन गेली. तेव्हा कुठे होत्या पिशव्या? आत्ताचा बोकाही आमच्याबरोबर तूप-भात खातो. आमच्याकडे मांसमच्छी शिजत नाही, तो पक्का शाकाहारी आहे.

बोक्याची मावशी
काकू, वाड्यातली मनी उंदीर, पाली, चिमण्या तुम्हाला विचारून खात नव्हती! दूध-पोळी तिचं मधल्या वेळचं खाणं होतं. तुमचा बोका तिसऱ्या मजल्यावर कोंडलेला, तो काय पकडणार, डास? मांजराच्या शरीरात टॉरीन हे अमिनो आम्ल पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. कमी पडलं की दृष्टी जाते, हृदय पसरतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी हृदयाचं हे दाखवलं, मग कंपन्यांनी खाद्यातलं टॉरीन वाढवलं. तूप-भातात ते नसतं.

निवांत काकू
माझ्या स्वयंपाकघरात काय शिजावं हे तू ठरवू नकोस. बोका आमच्या घरी राहतो, आमचंच खाईल.

बोक्याची मावशी
मग ससा पाळायचा होता. जीव त्याचा जातोय आणि सोवळं तुमचं!

सेक्रेटरी
टॉरीन-बिरीन राहू द्या. आमच्या पार्किंगमध्ये रोज रात्री कोणीतरी पेपरवर चिकन-भात ओतून जातं. सकाळी झाडणार कोण? भुंकणं ऐकणार कोण? यावर कोणी बोलेल का?

तिरसट
साहेब, वेगळा धागा काढा. हात जोडतो.

हिशेबनीस
मांजरांच्या भांडणात मूळ मुद्दा वाहून गेला. यादीपेक्षा टक्के वाचा. ओल्या खाद्याच्या पाऊचवर प्रथिनं ८ टक्के दिसतात आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर २४, म्हणून लोक पाऊचला हसतात. पाऊचमध्ये ८० टक्के पाणी, पिशवीत १०. पाणी वजा केलं तर पाऊच ४०, पिशवी २७ च्या आत. पिठूळ भाग बहुधा छापतच नाहीत, तो आपण काढायचा. माझ्यासमोरची पिशवी : प्रथिनं २२, मेद १०, तंतू ५, ओलावा १०, राख म्हणजे खनिजं ८ धरा. उरले ४५. किलोमागे जवळजवळ अर्धा किलो पीठ आणि पुढे कोंबडीचा फोटो.

शेरूचे बाबा
आणि ते टक्के खरे कशावरून? प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणून प्रथिनं लिहितात. २००७ मध्ये चीनहून अमेरिकेत गेलेल्या पशुखाद्यातल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये (गव्हाचं प्रथिन) मेलामाइन निघालं, नायट्रोजन भरपूर असलेलं रसायन, ते याच हिशेबाला फसवायला. किती कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली! आपल्याकडे तर अन्नसुरक्षा कायद्याच्या ‘अन्न’ या व्याख्येत पशुखाद्य येतच नाही. भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) ११९६८ क्रमांकाचं मानक आहे, पण आयएसआय चिन्ह घेतलेली किती पाकिटं पाहिलीत?

हिशेबनीस
हा मुद्दा मान्य. खाजेचा नाही.

निवांत काकू
उद्या मुलगा एक पाऊच आणणार आहे. तुमची कटकट थांबावी म्हणून, बाकी काही नाही. चमचा वेगळा, आणि बाल्कनीतच.

बोक्याची मावशी
उपकार झाले! त्यावर ‘संपूर्ण आहार’ लिहिलंय का बघा. ‘पूरक’ असेल तर रोज तेवढ्यावरच ठेवू नका.

निवांत काकू
मुंगीएवढी अक्षरं, त्यावर किमतीचा स्टिकर चिकटवलेला. बघते कुठून?