मदत हवी आहे: बाहेरच्या ब्रँडच्या नावानं सोलापुरात पार्क काढायचंय, करारात काय बघावं?

नमस्कार मंडळी,

तुळजापूर रोडला आमची जागा आहे. तिथं सध्या पाळणे, लहान मुलांची झुकझुक गाडी, छोटं वॉटर पार्क आणि चहा-नाष्ट्याचा गाळा असं चालतं. घरचा मूळ धंदा टॉवेलचा. पार्क दिरांनी सुरू केलं, हिशेब मी बघते. आता राज्याबाहेरची एक कंपनी प्रस्ताव घेऊन आलीय. नाव, आराखडा आणि माणसांचं ट्रेनिंग त्यांचं. जमीन, बांधकाम आणि कर्ज आमचं. त्यांना तिकिटांच्या आणि खाण्याच्या विक्रीवर टक्के, शिवाय व्यवस्थापनाची फी. सासरे म्हणतात, नाव मोठं आहे, गर्दी येईल, सही करू. दीर म्हणतात, त्यांचेही पैसे अडकले पाहिजेत, भागीदारी असेल तरच.

मी गेले काही दिवस मोठ्या कंपन्या परदेशात पार्क काढताना कसा व्यवहार करतात ते वाचतेय. बहुतेक सगळं कंपनीच्या बाजूनं लिहिलेलं असतं. मी ते जमीन देणाऱ्याच्या बाजूनं वाचलं, कारण आम्ही तिथं आहोत.

टोकियो डिस्नेलँड १९८३ मध्ये उघडलं. ते ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीचं. बांधकामाचा खर्च तिचा, डिस्नेला तिकिटांवर १० टक्के आणि खाणं-वस्तूंवर ५ टक्के रॉयल्टी. म्हणजे आमच्यापुढचा कागद जवळपास हाच. पार्क जोरात चाललं, पण डिस्नेच्या वाट्याला रॉयल्टीच आली, मोठा नफा जपानी मालकाकडे राहिला. म्हणून पॅरिसजवळ १९९२ मध्ये पार्क काढताना डिस्नेनं स्वतः ४९ टक्के भाग घेतला, वर रॉयल्टी आणि व्यवस्थापनाची फी ठेवलीच. तिथं गणित बिघडलं. कर्ज डोक्यावर, हॉटेलांच्या पाच हजारांवर खोल्या बांधलेल्या आणि त्या भरेनात. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर वाइन घेणाऱ्या लोकांना पार्कात वाइन मिळत नव्हती. ती बंदी १९९३ मध्ये उठवली. १९९४ मध्ये बँकांबरोबर कर्जाची फेररचना झाली, तेव्हा डिस्नेला काही वर्षं आपली रॉयल्टी आणि फी सोडावी लागली.

मला यातलं हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. डिस्नेचे स्वतःचे पैसे त्यात अडकलेले होते म्हणून ती सवलत मिळाली, असं मला वाटतं. आमच्या कागदात असं काहीच नाही. पार्क तोट्यात गेलं तरी विक्रीवरचे टक्के जाणारच, बँकेचा हप्ताही जाणारच. आणि आता २०२५ मध्ये अबू धाबीला डिस्नेचं पार्क जाहीर झालं, तिथं बांधकामाचा सगळा खर्च मिराल ही तिथली कंपनी करणार आहे. एवढी मोठी कंपनी पुन्हा टोकियोच्याच वाटेनं जाते, म्हणजे ती वाट कंपनीला सोयीची आहे. जमीनवाल्याला कधी सोयीची असते, हे मला समजून घ्यायचंय.

तर रॉयल्टी कशावर मोजतात? जीएसटी धरून की वगळून? तोट्याच्या वर्षी ती कमी होण्याचं कलम कुणी मागून घेतलंय का? आणि इथल्या लोकांना रुचेल तसा बदल करायचा हक्क कागदावर कसा आणायचा? त्यांचा माणूस म्हणाला की सगळीकडे एकच पद्धत असते. हे मला पटलं नाही. टोकियोत पावसामुळे मुख्य बाजाररस्त्यावर काचेचं छत घातलं, जपानी जेवणाचं हॉटेलही आत आहे. मग आमच्या मे महिन्यातल्या उन्हासाठी वेळ बदलायला काय हरकत आहे?

हिशेबनीस:
ताई, तुमचे दीर भागीदारी म्हणतात ते ठीक, पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. शांघायचं पार्क २०१६ चं. मालकीत तिथल्या सरकारी शेंडी ग्रुपचे ५७ टक्के, डिस्नेचे ४३. पण पार्क चालवणारी कंपनी वेगळी आणि तिच्यात डिस्नेचे ७० टक्के. म्हणजे घर एकाचं, किल्ल्या दुसऱ्याकडे. तुम्हाला भागीदारी मिळाली तरी रोजचा कारभार कोण ठरवणार, तिकिटाचा दर कोण बदलणार, मॅनेजर कोण नेमणार हे आधी विचारा. रॉयल्टी जीएसटी वगळूनच्या विक्रीवर धरा, आणि परत केलेली तिकिटं व शाळांना दिलेली सूट वजा करून. किमान रकमेची हमी मागत असतील तर पहिली दोन वर्षं ती नको म्हणा. आणि बँकेला वैयक्तिक जामीन एकटं तुमचंच घर राहणार असेल, तर तेवढ्या एका कारणासाठी मी थांबेन.

पार्कचौककर:
ताई, लोकांच्या सवयींचं मी सांगतो. आपल्याकडं गड्ड्याच्या जत्रेत माणूस एकेका पाळण्याचे पैसे देतो. आत शिरतानाच घरातल्या सगळ्यांचे मिळून मोठी रक्कम मागितली तर आजी-आजोबा बाहेरच बसतील. कंपनी म्हणेल आमच्यात कुपन चालत नाही. त्यांना सांगा, अमेरिकेत डिस्नेनं १९८२ मध्ये कुपनांची पुस्तकं बंद केली, तरी टोकियोत १९८३ ला उघडताना ती ठेवली होती.

डब्याचं तर नक्की लिहून घ्या. अक्कलकोट-तुळजापूर करून येणाऱ्या गाडीत कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असतंच. दारात डबा काढून घेतला की ते कुटुंब पुन्हा येत नाही. शांघायमध्ये याच बंदीवरून कायद्याच्या एका विद्यार्थिनीनं दावा लावला आणि २०१९ मध्ये पार्कानं बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी दिली.

आणि तुमचा रस्ता विसरू नका! कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी तो रस्ता भरलेला असतो, वाहतूक वळवतात. बाहेरच्या कंपनीच्या कॅलेंडरात ते नसणार. हाँगकाँग डिस्नेलँडला २००६ च्या चिनी नववर्षात सुट्टीच्या गर्दीचा अंदाज आला नाही, तिकीट हातात असलेली माणसं फाटकाबाहेर राहिली. वर्षाचं वेळापत्रक आपण ठरवणार, असं कलम टाका.

एकदा_फ्रँचायझी_घेतलेला:
वरच्या दोघांचं बरोबर आहे. माझा अनुभव खाण्याच्या धंद्यातला, पार्कचा नाही. आमच्या करारात सामान त्यांच्याच पुरवठादाराकडून घ्यायचं होतं, आणि खरा पैसा तिथं जात होता. तुम्ही खेळणी आणि सुटे भाग कुणाकडून घ्यायचे ते वाचा. दर काही वर्षांनी नवी राइड घालायची सक्ती असेल तर तिचा खर्च कुणाचा, तेही. करार संपल्यावर त्यांच्या रंगाचं, नावाचं सगळं उतरवायचा खर्च तुमच्याच गळ्यात येतो. बार्शी, पंढरपूर, धाराशिवला त्यांनी दुसरं पार्क काढायचं नाही, हे अंतर किलोमीटरमध्ये लिहून घ्या. "आसपास" असा शब्द चालवून घेऊ नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. चालवणारी कंपनी वेगळी असू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्री सासऱ्यांना आणि दिरांना एकत्र बसवून हे सगळं वाचून दाखवलं. कोजागिरीचं ऐकल्यावर सासऱ्यांनीच कराराचा मसुदा मराठीत मागवा म्हणून सांगितलं, त्याशिवाय ते सही करणार नाहीत. तोट्याच्या वर्षी रॉयल्टी थांबेल, वेळ आणि डबा आमच्या हातात राहील, आणि जामीन त्यांनीही द्यावा, या तीन गोष्टी मी आज कंपनीला ईमेलनं कळवल्या.

आता एक राहिलं. असे करार नेहमी बघणारे वकील सोलापुरात कोणाला माहीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा, इथं नाव-नंबर टाकू नका. पुण्याला यायचीही तयारी आहे.