केमाल स्ताफाचं नाव मैदानावरून काढणं योग्य होतं का?

पायवाट:
अल्बेनियाची राजधानी तिराना. तिथलं राष्ट्रीय फुटबॉल मैदान १९४६ साली खुलं झालं आणि पुढे कित्येक दशकं केमाल स्ताफाच्या नावानं ओळखलं गेलं. २०१६ साली ते पाडलं. २०१९ साली त्याच जागी नवं उभं राहिलं आणि त्याला एका विमान कंपनीचं नाव मिळालं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

स्ताफा १९२० साली एल्बासानला जन्मला. १९३९च्या सुरुवातीला झोगू राजाच्या कोर्टात कम्युनिस्टांवर खटला चालला, त्यात हा शाळकरी वयाचा पोरगाही आरोपी होता. त्याच वर्षी ७ एप्रिलला मुसोलिनीचं सैन्य देशात घुसलं. पुढे तो शिकायला फ्लोरेन्सला गेला, पण परत येऊन भूमिगत चळवळीत उतरला. ८ नोव्हेंबर १९४१ रोजी तिरानात कम्युनिस्ट पक्ष गुपचूप स्थापन झाला, त्या संस्थापकांत तो होता. युवक संघटनेची धुरा त्याच्याकडे आली. ५ मे १९४२ला फॅसिस्टांनी तो लपला होता त्या घराला वेढा घातला आणि लढता लढता तो पडला. वय बावीस.

याच पक्षाचा नेता एन्व्हर होजा, त्याची कम्युनिस्ट राजवट आली १९४४च्या अखेरीस. तिच्या पापांचा हिशेब अडीच वर्षं आधी गेलेल्या पोराकडून का मागायचा?

कोरा कागद:
पायवाट, त्याच्या धैर्याबद्दल माझं दुमत नाही. पण मैदानाला नाव त्यानं स्वतः दिलं नव्हतं. ते राजवटीनं दिलं. ५ मे हा हुतात्मा दिन करून त्याचा चेहरा शाळाशाळांत लावला आणि त्याच्या आडून पंचेचाळीसेक वर्षं हुकूमशाही चालवली. ज्यांच्या घरातली माणसं श्रमछावणीत गेली, त्यांना ते नाव कसं ऐकू येत असेल? त्यांच्यासाठी ते नाव बावीस वर्षांच्या मुलाचं उरलंच नाही.

निशिगंध:
दोघांच्या बोलण्यात एक बाई राहून गेली. द्रिता कोस्तुरी. स्ताफाची वाग्दत्त वधू, स्वतः प्रतिकारात उतरलेली. युद्ध संपल्यावर याच राजवटीनं तिला अटक केली आणि तिचं पुढचं आयुष्य तुरुंगात आणि हद्दपारीच्या गावांत गेलं. एकीकडे स्ताफाचे पुतळे आणि दुसरीकडे त्याची होणारी बायको कोठडीत. हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही.

पायवाट:
निशिगंधताई, माझा मुद्दा नेमका हाच! पक्षाची पहिली मध्यवर्ती समिती सात जणांची होती. त्यातल्या कोची जोजेला १९४९ साली देहदंड झाला, तुक याकोवा तुरुंगात मेला. स्ताफा जगला असता तर त्याचंही हेच झालं असतं. मग तो राजवटीचा प्रतिनिधी कसा?

कोरा कागद:
कशावरून? जोजे स्वतः आधी गृहमंत्री होता. त्याच्या पोलिसांनी किती घरं उजाड केली ते आठवा. बळी जाणारा त्याआधी बळी घेणारा असू शकतो. जगला असता तर स्ताफा काय झाला असता हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. न जगलेल्या आयुष्याचं श्रेय देऊ नका.

सांजवेळ:
त्याच्या लपण्याच्या जागेची खबर होजानंच दिली असं मी वाचलंय. यावर कुणीच का बोलत नाही?

कोरा कागद:
कारण तो संशय आहे, सांजवेळ. पुरावा नाही. होजावर सिद्ध झालेले गुन्हेच पुरेसे आहेत, त्यात ऐकीव गोष्ट मिसळली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आणि नाव द्यायचंच तर मी मुसिने कोकालारीचं देईन. लेखिका, फॅसिस्टविरोधी, सोशल डेमोक्रॅट. नोव्हेंबर १९४४मध्ये तिच्या दोन भावांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. १९४६ साली तिला वीस वर्षांची शिक्षा झाली, नंतर र्‍रेशेनला नजरकैद. तिथे ती रस्ते झाडायची. १९८३ साली कॅन्सरनं गेली. तिच्या नावाचं मैदान झालं असतं तर मी पहिली टाळी वाजवली असती.

निशिगंध:
मुसिनेचा मान मोठा व्हायलाच हवा. पण त्यासाठी स्ताफाला खाली का उतरवायचं? फॅसिस्टांशी दोघंही लढले. शिवाय मैदानावर मुसिनेचं नाव आलेलंच नाही, कंपनीचं आलंय. हुकूमशाहीचे बळी आठवायचे म्हणून नाव काढलं असतं तर मी गप्प बसले असते.

पायवाट:
तिरानात त्याच्या नावाची शाळा अजून आहे, ५ मेला हुतात्म्यांच्या दफनभूमीत अजूनही फुलं वाहतात. म्हणजे लोकांनी त्याला टाकलेलं नाही. कोरा कागद, मी एक पाऊल मागे येतो. त्याचं नाव परत लागावं, पण त्याच पाटीवर खाली द्रिताला काय भोगावं लागलं तेही लिहावं.

कोरा कागद:
द्रिताचं नाव त्याच्याच आकाराच्या अक्षरांत येणार असेल, तर माझा विरोध मी मागे घेतो. खाली बारीक अक्षरांत येणार असेल तर नाही.