उत्तर: एशियाडमधल्या बायकांच्या टीम टेनिसबद्दल

वर कुणीतरी लिहिलंय की बायकांच्या टीम टेनिसमध्ये आपल्याला कधी काय मिळालंच नाही, तर ते तेवढं बरोबर नाही हो. २००६ च्या दोहा एशियाडला आपल्या पोरींनी टीमचं सिल्व्हर आणलंय, सानिया, शिखा उबेरॉय, अंकिता भांब्री आणि ईशा लखानी, फायनलला चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून हरलो. दोन सिंगल्स, एक डबल्स, दोन जिंकल्या की काम झालं, असला फॉरमॅट. म्हणजे एकटी सानिया कितीबी भारी खेळू दे, तिची सिंगल्स एकच धरणार, दुसरी सिंगल्स गेली की सगळं ओझं डबल्सवर येतंय, आणि तैपेईच्या बायका डबल्सला कसल्या चिवट ते सगळ्यांना माहितीच आहे.

२०१८ पासून एशियाडला टीम इव्हेंटच काढून टाकला, मला तर हे अजिबात पटलेलं नाही, दुसऱ्या फळीतल्या पोरींना मेडल मिळायची तीच तर वाट होती की.

आणि आमच्या सोलापूरकरांचं एक राहिलंच, २०१४ ला इंचॉनच्या एशियाडला सानियाबरोबर डबल्सचं ब्राँझ घेतलं ती प्रार्थना ठोंबरे आमच्या बार्शीची! पुढं रिओ ऑलिंपिकला पण दोघी जोडीनं खेळल्या, पहिल्याच राउंडला गेल्या ते सोडा. इकडं उन्हात दुपारी कोर्टवर पाय ठेवून बघा एकदा, मग कळंल बार्शीतनं तिथवर जाणं म्हणजे काय ते.