इमारतीनं झाडासारखं दिसावं, की झाडासारखं उभं राहावं?

ओळंबा (धागाकर्ता):
एक साखळी दोन्ही टोकांना धरून सैल सोडा. ती जो बाक घेते, त्यात प्रत्येक कडीत निव्वळ ताण असतो. तोच बाक उलटा केला की निव्वळ दाबावर उभी राहणारी कमान मिळते. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं हे सतराव्या शतकात ओळखलं होतं. वास्तुकार अंतोनी गौदीनं बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्या टांगल्या, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या आणि १:१० प्रतिकृती उभी केली. त्यात जवळपास दहा वर्षं गेली, कारण एक दोरी आखूड केली की शेजारच्या सगळ्या हलतात आणि पुन्हा जुळवत बसावं लागतं.

आज ग्रासहॉपर हा आकार रचण्याचा प्रोग्रॅम आणि बलांचा तोल शोधणारी त्याची कांगारू ही जोडणी घेऊन तेच काम मी एका दुपारी करतो. आधार थोडा सरकवला की अख्खं जाळं डोळ्यांसमोर नवा तोल शोधतं. म्हणून मला मनापासून वाटतं, की ही साधनं हाताशी असताना सरसकट एकाच जाडीचे स्लॅब ओतत राहणं ही सिमेंटची उधळपट्टी आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूचं काँक्रीट ताण घेत नाही, तो सळया घेतात. तरी त्या काँक्रीटचं वजन खालच्या प्रत्येक कॉलमवर आपण लादतो. झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात फिलिप ब्लॉक यांच्या गटानं कमानीच्या तत्त्वावर बरगड्यांचे मजले केले, त्यांच्या कवचाची जाडी अवघी २ सेंटीमीटर आहे. हे नेहमीचं का होऊ नये?

पक्कीवीट:
साखळीबद्दल वाद नाही. माझा आक्षेप अशा इमारतींवर मारल्या जाणाऱ्या "निसर्गाकडून घेतलं" या शिक्क्याला आहे. झिंबाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर घ्या. १९९६ साली वास्तुकार मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळावरून त्याची हवा खेळवण्याची रीत बेतली. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी वारुळांचा अभ्यास करून दाखवलं, की समजलं जात होतं तसं वारूळ चालतच नाही. इमारत मात्र छान चालते, कारण रात्रीची गार हवा जड काँक्रीटमधून फिरवून गारवा साठवायचा, हे चोख इंजिनिअरिंग आहे. श्रेय मात्र गेलं वाळवीला!

आणि निसर्ग सर्वोत्तम शोधतो हे कुणी सांगितलं? तो निभावेल इतपत शोधतो. वादळात झाडाची फांदी मोडली तरी झाड जगतं. आपल्या छताला तशी सवलत नाही.

शिरा:
पक्कीवीट, ईस्टगेट हा हवेचा प्रश्न झाला, धागा भार वाहण्याबद्दल आहे. मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं चिरलं तर आत बारीक जाळी दिसते. १८६० च्या दशकात झ्युरिकमध्ये शरीररचनातज्ज्ञ फॉन मायर यांच्याकडचा तसा छेद कुलमान या इंजिनिअरनं पाहिला, आणि क्रेनमधल्या ताण-दाबाच्या ज्या रेषा तो कागदावर काढत असे, त्याच त्याला हाडात दिसल्या. इथं आकाराची नक्कल कुणी केली नव्हती. दोघांमागचा नियम एक निघाला.

टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन, म्हणजे साहित्य नेमकं कुठं हवं हे संगणकानं शोधणं, तेही त्याच वाटेनं जातं. बेंडसो आणि किकुची यांचा १९८८ चा शोधनिबंध हा त्याचा पाया. एक ठोकळा घ्यायचा, त्याचे हजारो चौकोन पाडायचे, आधार आणि भार सांगायचे. जे चौकोन काम करत नाहीत ते फेरीगणिक विरत जातात. पहिल्या काही फेऱ्यांत नुसता करडा धूर दिसतो, मग हळूहळू त्यातून फांद्या सुटतात. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी हातातलं काम थांबवून बघत बसते.

सळई_बावीस:
मी साइटवरचा माणूस, म्हणून तिथलंच बोलतो. एका मोठ्या छताच्या झाडासारख्या आधाराचं काम माझ्याकडे होतं. मॉडेल देखणं, वजन खूप कमी. तपासताना कळलं, की फक्त वरून येणारा भार घातला होता. खालून छत उचलणाऱ्या वाऱ्याची केस, म्हणजे त्या भाराची स्थिती, घातलीच नव्हती! ती घातल्यावर दोन फांद्यांत दाबाच्या जागी ताण आला आणि जोड पुरेनात. प्रोग्रॅमनं काही चुकवलं नव्हतं, त्याला जेवढं विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. पण जे "बिनकामाचं" म्हणून काढून टाकलं होतं, तेच वाऱ्यात कामाचं होतं.

स्लाइप्नर ए विसरू नका. नॉर्वेच्या समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनासाठीचं ते काँक्रीटचं महाकाय बूड २३ ऑगस्ट १९९१ ला चाचणीतच बुडालं. नळकांडी जिथं एकमेकांना मिळतात, तिथल्या भिंतींवरचा शिअर (कातरणारं बल) संगणकानं ४७ टक्के कमी दाखवला होता, कारण त्या जागी गणितासाठीची जाळी फार ढोबळ पाडली होती. नंतर नीट केलेल्या गणितानं भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं सांगितलं. ती प्रत्यक्षात ६५ मीटरच्या आसपास फुटली. म्हणजे गणित जमत होतं, करणाऱ्यानं नको तिथं हात आखडला.

राहिलं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा. प्रत्येक चौरस मीटरला वेगळा बाक असेल तर सुतार काय करणार? वाचवलेल्या काँक्रीटपेक्षा फेकलेलं प्लायवूड जास्त भरेल.

ओळंबा:
वाऱ्याच्या केसबद्दल शंभर टक्के मान्य. एकाच भारासाठी काढलेला आकार मीही साइटवर पाठवणार नाही. पण स्लाइप्नरचा दोष या विचाराच्या माथी नको. तिथं आकार शोधायला प्रोग्रॅम नव्हता, ठरलेला आकार तपासायला होता.

शटरिंगचं उत्तर नेर्वी या इटालियन इंजिनिअरनं संगणकाशिवायच देऊन ठेवलंय. रोममधल्या गाती कारखान्याच्या छताखाली त्यानं मोमेंटच्या (वाकवणाऱ्या बलाच्या) रेषांवरून बरगड्या नेल्या आणि फेरोसिमेंटचे (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेले) तेच ते साचे एका गाळ्यातून दुसऱ्यात सरकवत ओतल्या. लाकडात तर शटरिंगच लागत नाही. श्टुटगार्ट विद्यापीठाच्या गटानं २०१४ साली सी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या कवचाच्या धर्तीवर एक प्रदर्शन दालन केलं. ५० मिलीमीटर जाडीच्या बीच प्लायवूडच्या २४३ पाट्या, प्रत्येकीचा आकार वेगळा, सगळ्या रोबोटनं कापलेल्या. कडांना दातेरी सांधे आहेत आणि एका ठिकाणी तीनच पाट्या भेटतात, म्हणून कवच ताठ राहतं.

पक्कीवीट:
नेर्वीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याला रेषा कळत होत्या म्हणून त्यानं त्या ओतल्या. आज पडद्यावर फांद्या सुटताना पाहणाऱ्या किती जणांना ती फांदी तिथंच का आली हे कागदावर मांडता येईल?

विद्यार्थीआहे:
मला प्रोग्रॅम येतो, कागदावरचं कच्चं आहे. सुरुवात कुठून करू?

शिरा:
ग्राफिक स्टॅटिक्सपासून, म्हणजे बलं रेषांनी काढून तोल शोधण्याच्या रीतीपासून. भारांचा बहुभुज हातानं काढ, त्यावरून कमान काढ, मग तीच प्रोग्रॅममध्ये कर. दोन्ही जुळले नाहीत तर जुळेपर्यंत पुढे जाऊ नकोस.

सळई_बावीस:
ओळंबा, एकच विचारतो. तुमच्या २ सेंटीमीटरच्या मजल्याला पंधरा वर्षांनी कुणी पाइपसाठी भोक पाडलं तर?

ओळंबा:
बरगड्यांच्या मधल्या कवचात, गणित करून, लहान भोक चालावं. बरगडीवर मुळीच नाही. आणि कडेचे ताणदांडे कुणी कापले तर कोपरे बाहेर सरकतील आणि मजला खाली येईल, कारण कमानीचा आडवा रेटा तेच धरून असतात. नेहमीच्या स्लॅबमध्ये सळया दाट विणलेल्या असतात, एखादी कापली गेली तर शेजारच्या थोडंफार सांभाळून घेतात. इथं ती सोय नाही. दांडे कुठून जातात ते त्या मजल्यावर, दिसेल अशा जागी, कायमचं कोरून ठेवावं लागेल. हे मूळ धाग्यात यायला हवं होतं, आता वर जोडतो.