चांगल्या बाजूला टाके का घातले?

नेरूळच्या दादांनी वर विचारलंय की मुलाच्या डाव्या वृषणाला पीळ पडला होता, मग डॉक्टरांनी चांगल्या उजव्या बाजूलाही टाके का घातले? पीळ पडला की आधी शिरा दाबल्या जातात. रक्त आत येत राहतं पण परत जात नाही, वृषण सुजतं आणि मग धमनीही बंद होते. उंदरांवरच्या प्रयोगांत दुसऱ्या बाजूचा रक्तप्रवाहही बदललेला दिसलाय, काहींत घटलेला, काहींत पीळ सोडवल्यावर वाढलेला. सिम्पथेटिक नसांच्या (आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या नसांच्या) प्रतिक्षिप्त क्रियेने तिकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. माणसांत हे तितकं ठाम सिद्ध झालेलं नाही, तेव्हा दादा, त्याची धास्ती घेऊ नका.

टाक्यांचं कारण वेगळं आहे. वृषण पिशवीत सैल लोंबकळत असेल, तर हा जन्मजात दोष बहुधा दोन्हीकडे असतो. उद्या तिकडेही पीळ पडू नये म्हणून तेही जागेवर शिवून टाकतात. तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं.

वर कुणीतरी ‘एक गेलं तरी दुसरं असतंच’ असं लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. दुखू लागल्यापासून साधारण 6 तासांत पीळ सुटला तर वृषण वाचण्याची शक्यता खूप चांगली असते. मुलं लाजेने नुसतं ‘पोटात दुखतंय’ म्हणतात, उलट्याही होतात, म्हणून स्पष्ट विचारा. सोनोग्राफी सेंटर सकाळी उघडेल म्हणून थांबू नका. ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या ठिकाणाहून रात्री निघताना सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता मिळतील का, एवढं हॉस्पिटलला फोनवर विचारून थेट तेच गाठा.