घरात काम निघालं होतं तेव्हा...

उंबरठा:
आज हॉलमधला एक स्विच चटचट करायला लागला म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बोर्डाची प्लेट काढली आणि कडेला बोटभर पोपटी पट्टी दिसली. आमचा जुना रंग! नऊ वर्षांपूर्वी अख्खं घर खरवडून काढलं होतं, या एका भिंतीतलं वायरिंग तेवढं तसंच ठेवलं होतं. तो बिचारा टेस्टर घेऊन उभा आणि मी त्या पट्टीकडे बघत बसलेली.

तेव्हा काम तीन आठवड्यांत होणार होतं. अकरा लागले. आम्ही चौघं अधिक सासूबाई, सगळे मागच्या एका खोलीत. फ्रिज, शिलाई मशीन, गाद्या, कपाट सगळं तिथेच. कपाटाचं एकच दार उघडायचं, तेही अर्धं. मग त्या फटीतून हात जाईल तेवढेच कपडे अडीच महिने आलटूनपालटून घातले.

सॉकेटही एकच चालू. किटली लावायची तर कुणाचा तरी फोन काढायचा. धाकट्यानं त्याचं वेळापत्रक भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं. भिंत रंगवायचीच होती म्हणून कुणी ओरडलं नाही. मग काय, सगळेच लिहायला लागले. टाइलचा हिशेब, प्लंबरचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा. नवरा मिस्त्रींच्या प्रत्येक "उद्या नक्की" ची एक उभी रेघ मारायचा, चार झाल्या की पाचवी आडवी. शेवटी पुट्टी मारायला रंगारी आला. भिंतीकडे बघून म्हणाला, "ताई, हे सगळं वाचून झालं ना?" मी म्हटलं हो. झालं नव्हतं.

आणि रात्री दिवा बंद केल्यावरच्या गप्पा. सासूबाईंच्या शाळेतल्या भानगडी मी लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या अंधारात पहिल्यांदा ऐकल्या. आता प्रत्येकाला आपापली खोली आहे. दारं मस्त लागतात.

तुमच्याकडचंही लिहा. खर्च किती झाला ते नको, तो सगळ्यांचाच ठरल्यापेक्षा जास्त झालाय.

तिरका खिळा:
तीनाचे अकरा म्हणजे वेळेतच झालं की हो.

कोपऱ्यातली:
रिकामी खोली घुमते ते आठवलं एकदम. पडदे, गाद्या, सोफा सगळं बाहेर काढलं की टाळी वाजवली तरी दोनदा ऐकू येते. आमचे हे एरवी तोंडातून सूर काढत नाहीत. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी "बघून येतो काम" म्हणून हॉलमध्ये जायचे आणि आतून गाणं. बेसूर, पण काय घुमायचं! मी आणि लेक दाराबाहेर श्वास रोखून. सोफा आत आला त्या दिवशी बंद झालं. मी सुचवलं होतं की सोफा जरा उशिरा आणू या. कारण सांगता येईना.

घमेलं:
आमच्याकडे पाणी मारायची ड्यूटी बाबांची. गिलावा झाल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ भिंती भिजवायच्या. मला आपलं वाटायचं सिमेंट सुकून घट्ट होतं. मिस्त्रींनी समजावलं की सुकून नाही, पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन ते घट्ट होतं, लवकर सुकलं तर कच्चं राहतं आणि तडे जातात. बाबा नुकतेच रिटायर झालेले, दिवसभर काय करायचं हा प्रश्नच होता. पहाटे साडेपाचला उठून पाइप घेऊन तयार! आधी वरून, मग कडा, मग खिडकीखालचा भाग (तिथे ऊन येतं म्हणून जादा). भिंत पाणी प्यायची तो सूं आवाज यायचा, आणि ओल्या सिमेंटचा तो वास.

आठव्या दिवशी मिस्त्री म्हणाले बास आता काका. नवव्या दिवशी पहाटे पाइपचा आवाज आला. कुणीच काही बोललो नाही. दहाव्या दिवशी पण.

अर्धा कप:
बाबा भारी! सध्या तो पाइप काय करतो?

घमेलं:
कुंड्या. झाडं जगली म्हणजे नशीब.

नवशिका:
जरा वेगळं विचारतो, राग नसावा. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग केलंय, गळतंय का बघायला पाणी किती वेळ साठवून ठेवायचं? उद्या फरशी बसवायला येतायत.

तिरका खिळा:
निदान २४ तास. ४८ ठेवलंत तर उत्तम. जाळीचं तोंड घट्ट बंद करा, भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलनं खूण करा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. आणि उद्या फरशी बसवू देऊ नका.

नवशिका:
ते म्हणतायत काही गरज नाही, आमची गॅरंटी आहे.

तिरका खिळा:
म्हणतातच. पाणी भरा.

भिंतीला कान:
पाणी आणि पातळी म्हटलं आणि मी थेट लहानपणात गेले. तेव्हा लेव्हल काढायला लांबलचक पारदर्शक नळी असायची, पाण्यानं भरलेली. एक टोक मिस्त्रींच्या हातात, दुसरं माझ्या. ते भिंतीपलीकडे दुसऱ्या खोलीत, दिसायचे नाहीत. फक्त आवाज. "वर घे... अजून... जरा खाली... हां, थांब!" मी थांबायचे, श्वाससुद्धा घ्यायचे नाही. पाणी डुचमळायचं, हळूहळू स्थिर व्हायचं, की ते ओरडायचे, "मार खूण!" मग माझ्या हातातल्या कोळशाच्या तुकड्यानं मी भिंतीवर रेघ मारायचे. मध्ये कुठे हवेचा बुडबुडा अडकला तर माप चुकतं, म्हणून आधी नळी डोळ्यांसमोरून सरकवत तपासायची, ते कामही माझं. नऊ वर्षांची होते. अख्ख्या घराच्या खिडक्या माझ्या रेघेवर बसल्यात असं मी वर्गात सांगितलं होतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे काम केलं तेव्हा लेसरचं यंत्र आणलं होतं. बटण दाबलं की चारी भिंतींवर लाल रेघ. अचूक येते, वेळ जात नाही. मी उगाच दोनदा विचारलं, काही धरू का म्हणून.

अर्धा कप:
"काही धरू का" :) :)

निवांत:
आमच्या गॅलरीच्या कोब्यात मांजरीचे पंजे उमटलेत. चारच. दाराकडून आत येणारे चार आणि मग काहीच नाही. पुढे सगळा कोबा गुळगुळीत. ती गेली कुठे?

तिरका खिळा:
उडी मारली असेल.

निवांत:
कठडा सहा फुटांवर आहे.

तिरका खिळा:
मांजर आहे हो ती.

कोपऱ्यातली:
माझ्या मते आल्या पावली उलटी गेली असणार. आपल्याच पंजांवर पंजे ठेवून.

निवांत:
हे डोक्यातच आलं नव्हतं. आज जाऊन बघतो ठसे जास्त खोल आहेत का.

पायरीवरून:
माझ्याकडे आत्ता चालू आहे. जिन्यात बसून लिहितेय कारण आत टाइल कापतायत. आजचा एकोणिसावा दिवस. धूळ कुठे नाही विचारा. कंगव्यात, चष्म्याच्या घडीत, बंद डब्यात(!). ओल्या फडक्यानं पुसलं की पांढरे फराटे, ते वाळले की परत पुसायचं. आनंद एकच, पाच वाजता कटर बंद होतं ती शांतता. रोज पाचला पाच कमी असताना इथे येऊन बसते, ती शांतता सुरू होताना ऐकायला. आज स्वयंपाकघरातला नळ जोडणार आहेत. बघू.

उंबरठा:
पायरीवरून, दारांच्या खालच्या फटीत ओलं फडकं गुंडाळून ठेवा, खूप फरक पडतो. आणि कपाटांच्या कडांना चिकटपट्टी.

पायरीवरून:
दारंच नाहीयेत :(

ओटा प्रकरण:
आमच्यात ओट्याच्या उंचीवरून घरात शीतयुद्ध झालं होतं. सासूबाई जेमतेम पाच फूट, मी पाच सात. मिस्त्रींनी दोघींना शेजारी उभं केलं, कोपरं वाकवायला लावली आणि टेप लावला. म्हणे कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर ओटा आला की पाठ धरत नाही. दोघींच्या मापात पाच इंचांचा फरक. मधलं माप धरू या असं हे म्हणाले, म्हणजे दोघींची पाठ दुखणार! शेवटी शेगडीची बाजू त्यांच्या मापाची आणि सिंकची बाजू उंच, माझ्या मापाची. तसंही सिंकचा तळ खोल असतो, भांडी घासताना वाकावं लागतं, त्यामुळे ती बाजू उंच असलेली बरीच. आता आमच्या ओट्याला चक्क पायरी आहे. भरलेलं पातेलं सरकवता येत नाही, उचलावं लागतं. बघणारा प्रत्येक जण विचारतो आणि दोघी एकदम सांगायला सुरुवात करतो.

अर्धा कप:
पण मग भांडी कायम तुमच्याच वाट्याला की :)

ओटा प्रकरण:
हे कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

रंग उडालेला:
आम्ही हॉलसाठी पांढऱ्याच्या सहा छटा आणल्या. भिंतीवर शेजारी शेजारी वीतभर पट्टे मारले. ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर गडद होतो. सकाळी एक, ट्यूबखाली वेगळाच. चार दिवस भांडलो. पाचव्या दिवशी एकमत झालं, डावीकडून तिसरा, हाच! रंगारी म्हणाला, "साहेब, ती मधली मोकळी जागा आहे."

जुनाच रंग होता. पुन्हा तोच मारला.

निवांत:
हसून हसून ठसका लागला. (पंजे सारखेच खोल आहेत. कोडं कायम.)

शेंडीचा बोळा:
अवांतर, पण सुताराची पेन्सिल चपटी का असते माहितीये का? उतरत्या फळीवरून घरंगळू नये म्हणून. आमच्या सुतारकाकांनी मला एक दिली होती, सहावीत. शाळेत नेली तर कुणाच्याच शार्पनरमध्ये जाईना. केवढी ऐट!

खुंटी:
एक उपयोगाचं सांगतो. झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, पाइप आणि वायरी दिसतील असा. शेजारी टेप उलगडून धरा म्हणजे कोपऱ्यापासून अंतर कळतं. पुढे ड्रिल मारताना देव आठवावा लागत नाही.

मी काढले होते. सहा वर्षांनी एक फ्रेम टांगायची होती म्हणून उघडले. टेप धरायला बायकोला उभं केलं होतं. एका फोटोत केसांत भुसा, एका फोटोत सिमेंटच्या पोत्यावर बसून हातात कप, कशावर तरी जोरात हसतेय. कशावर ते दोघांनाही आठवेना. मग पुढचा फोटो, मग पुढचा. तासभर गेला. पाइप कुठून जातो ते बघायचं राहिलंच. फ्रेम अजून भिंतीला टेकवून खालीच आहे.

सरळ बोलते:
सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण मला यातलं काहीही गोड वाटलं नव्हतं. मूल आठ महिन्यांचं आणि ठेकेदार अर्ध्यात गायब. फोन उचलत नव्हता. न्हाणीघराला दार बसवलेलं पण कडी नाही, म्हणून आत जाणाऱ्यानं सतत मग बादलीवर वाजवत राहायचं असा नियम. वाजायचं थांबलं की आत कुणी नाही असं समजायचं. दोन महिने मी एका हातानं अंघोळ केली. दुसऱ्या माणसानं येऊन काम पुरं केलं आणि त्यानं सगळ्यात आधी काय लावलं तर कडी. मी आत गेले, कडी लावली आणि नुसतीच बसून राहिले. पाणीही नाही ओतलं. बाहेरून हे घाबरून हाका मारतायत, आवाज का येत नाही म्हणून.

कोपऱ्यातली:
अगं बाई. आठ महिन्यांचं बाळ घेऊन! मिठी तुला.

घमेलं:
कडीचा तो खट्ट आवाज मला इथे ऐकू आला. आता तरी निवांत अंघोळ होते ना?

सरळ बोलते:
हो. पण त्या बाळाला, आता सात वर्षांचा आहे, बादली वाजवायची सवय लागली ती लागलीच. का वाजवतो त्याला माहीत नाही.

नवशिका:
पाणी भरलंय. खूण केलीय. ते लोक रागावून गेले, परवा येतो म्हणाले.

तिरका खिळा:
शाब्बास. जाळी नीट बंद केलीय ना? पातळी उतरली तर आधी तीच बघा.

उंबरठा:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! इलेक्ट्रिशियन गेला मघाशीच. प्लेट लावायच्या आधी सासूबाईंना हाक मारून पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या, "हा कुठला जुना, हा आपण मागाहून दिलेला. याच्या खाली निळा असेल बघ." मी नखानं खरवडायला हात पुढे केला तर इलेक्ट्रिशियन ओरडला, "आधी मेन बंद करा!" मेन बंद केला. खरवडलं. निळा आहे.

आता त्यांना त्याच्याही खालचा बघायचाय.

पायरीवरून:
नळ आला!! आधी नुसतीच हवा, मग खोकल्यासारखं थुंकलं, मग गढूळ. प्लंबर म्हणाला पाच मिनिटं सोडून ठेवा. आम्ही तिघं ओळीनं उभे राहून बघतोय.